परकीय पाठबळ आणि श्वेतांची फाटाफूट

रशियात १९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीनंतर पेटलेल्या यादवी युद्धात बोल्शेविकांविरुद्ध लढणारी सैन्ये ‘श्वेत’ या एकाच नावाने ओळखली जात असली, तरी त्यांत राजसत्तावादी सेनानी, उदारमतवादी, समाजवादी क्रांतिकारक आणि स्वायत्ततेचा आग्रह धरणारे कॉसॅक, म्हणजे सरहद्दीवर वसलेले लढवय्ये शेतकरी, असे परस्परांकडे संशयाने पाहणारे गट होते. परराष्ट्रांनी या सैन्यांना केलेली मदत थोडीथोडकी नव्हती. परंतु प्रत्येक राष्ट्राने आपापल्या हिताला सोयीचा गट हाताशी धरल्यामुळे त्या मदतीने फाटाफूट मिटवण्याऐवजी तिला खतपाणीच घातले.

याची चुणूक प्रथम दक्षिणेत दिसली. बोल्शेविकांनी मार्च १९१८ मध्ये जर्मनीशी केलेल्या ब्रेस्त-लितोव्स्कच्या तहाच्या सुमारास जर्मन फौजांनी युक्रेन व्यापला, तेव्हा डोन कॉसॅकांचे अतामान, म्हणजे निवडून दिलेले प्रमुख, प्योत्र क्रास्नोव यांनी जर्मनांकडून शस्त्रे मिळवली, तर स्वयंसेवक सैन्याचे सेनापती अंतोन देनिकिन दोस्त राष्ट्रांशी एकनिष्ठ राहिले. क्रास्नोवांनी त्यातला काही दारूगोळा देनिकिनांना दिला आणि त्यांच्या सैन्याने तो वापरलाही. तरी शत्रूशी हातमिळवणीचा ठपका पुसला गेला नाही, आणि जर्मनीच्या पराभवानंतर फेब्रुवारी १९१९ मध्ये क्रास्नोवांना पद सोडावे लागले.

सायबेरियात नोव्हेंबर १९१८ मध्ये ओम्स्क येथील संमिश्र सरकार उलथवून अ‍ॅडमिरल कोल्चाक ‘सर्वोच्च शासक’ झाले. ब्रिटनने त्यांना गणवेश व शस्त्रे पुरवली, तर जपानने चिता येथील अतामान सेम्योनोव यांना पोसले. सेम्योनोवांनी आरंभी कोल्चाकांची सत्ता मानण्यास नकार दिला आणि व्लादिवोस्तोक बंदरातून पश्चिमेकडे जाणारा रेल्वेमार्ग त्यांच्या टापूतून जात असल्यामुळे आघाडीवरच्या सैन्याची नाडीच त्यांच्या हाती आली. पुढे माघारीच्या वेळी या मार्गावर ताबा असलेल्या, महायुद्धातील युद्धकैद्यांतून उभारलेल्या चेकोस्लोव्हाक दलाने, स्वतःची परतीची वाट मोकळी व्हावी म्हणून, जानेवारी १९२० मध्ये कोल्चाकांना इर्कुत्स्क येथे त्यांच्या विरोधकांच्या स्वाधीन केले. ७ फेब्रुवारीला बोल्शेविकांनी त्यांना गोळ्या घातल्या.

ब्रिटिश रणगाडे व विमाने लाभलेले देनिकिनांचे सैन्य ऑक्टोबर १९१९ मध्ये मॉस्कोपासून सुमारे ३५० किलोमीटरवरील ओर्योलपर्यंत पोहोचले, तेव्हा त्याची पिछाडी मात्र पोखरलेली होती. सैन्यामागोमाग जमीनदार परतत असल्याने, धान्यवसुलीमुळे बोल्शेविकांवर चिडलेला शेतकरीही श्वेतांकडे वळला नाही आणि युक्रेनमध्ये अराजकवादी नेता माख्नो याच्या शेतकरी सैन्याने त्यांच्या रसदीवर घाला घातला. ‘एक आणि अविभाज्य रशिया’ या हट्टापायी फिनलंड दुरावला, आणि कुबान कॉसॅकांच्या रादेचे, म्हणजे प्रतिनिधिसभेचे, सदस्य कालाबुखोव यांना नोव्हेंबरमध्ये फाशी दिल्यावर त्या प्रांतातील कॉसॅकांचे मनच लढाईतून उडाले.

बोल्शेविकांकडे देशाचा मध्यभाग, मॉस्कोत एकवटणारे रेल्वेमार्ग आणि एकच केंद्रीय नेतृत्व होते. शिवाय परकीय सैनिक रशियन बंदरांत उतरल्यामुळे स्वदेशाचे रक्षक म्हणवून घेण्याचा अधिकारही त्यांना आयता मिळाला. नोव्हेंबर १९२० मध्ये देनिकिनांच्या जागी आलेले सेनापती व्रांगेल यांच्या सैन्याने क्रिमिया सोडला, तेव्हा श्वेतांच्या पराभवाचे खरे कारण उघड झाले होते: शस्त्रे बाहेरून मिळू शकत होती, पण जमिनीचा आणि स्वायत्ततेचा जो निवाडा त्यांना स्वतःच्या जनतेशी करायचा होता, तो त्यांच्या वतीने करून देणे कोणत्याही परराष्ट्राच्या हाती नव्हते.