गोंदण : मोडता न येणारा दागिना

सोने अडीअडचणीला मोडता येते, लुगडे विरते, भांडीकुंडी वाटणीत जातात. गोंदण मात्र सरणापर्यंत सोबत येते, अशी समजूत महाराष्ट्रापासून छत्तीसगडपर्यंतच्या खेड्यापाड्यांत आढळते. त्वचेत सुईने रंग भरून उमटवलेल्या कायमच्या चिन्हास मराठीत गोंदण म्हणतात. शहरांत त्यासाठी ‘टॅटू’ हा शब्द रुळला आहे. तो मूळचा पॉलिनेशियातील असून, कॅप्टन जेम्स कुक यांच्या १७६९ मधील ताहिती भेटीनंतर इंग्रजीत आला.

गोंदवून घेणारे अनेकजण एका चिन्हावर थांबत नाहीत. वर्षांमागून वर्षे एकेक चिन्ह वाढत जाते आणि शरीरावर एक संग्रह तयार होतो. नाणी किंवा तिकिटे जमवणारा माणूस आपला संग्रह विकू शकतो, मुलांच्या नावे करू शकतो. गोंदणाच्या संग्राहकाला यातले काहीच शक्य नसते. वस्तू आणि तिचा मालक येथे वेगळे होत नाहीत, आणि म्हणूनच या संग्रहाचा अर्थ इतर संग्रहांहून निराळा ठरतो.

रंग टिकतो कसा?

त्वचेचा सर्वांत वरचा थर सतत झडत असतो. तेथे भरलेला रंग काही आठवड्यांत नाहीसा होईल. गोंदणाची सुई त्याखालच्या थरापर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. शरीर रंगाच्या कणांना परके समजते आणि संरक्षक पेशी ते कण गिळतात. पण त्यांना ते पचवता येत नाहीत. या पेशी मेल्या की मोकळे झालेले कण नव्या पेशी गिळतात, असे फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. थोडक्यात, गोंदण हा दगडावरचा कोरीव लेख नव्हे. शरीर जिवंत असेपर्यंत ते रंग धरून ठेवण्याचे काम अखंड चालू ठेवते.

ही कला किती जुनी आहे, याचा पुरावा आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या ‘ओत्झी’ या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाच्या देहावर आहे. त्याच्या अंगावर ६१ खुणा मोजल्या गेल्या असून, त्यांतील अनेक खुणा कंबर, गुडघे, घोटे अशा झिजणाऱ्या सांध्यांजवळ आहेत. त्या दुखण्यावरील उपचार म्हणून काढल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा कयास आहे.

वयाबरोबर वाढणारी लेणी

महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या स्त्रियांच्या हातांवर तुळशीवृंदावन, विंचू, मोर किंवा भावाचे वा पतीचे नाव दिसते. हनुवटीवर एखादा ठिपका असतो. गोंदणारीण दारी येई किंवा जत्रेत भेटे. ज्या पतीचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, तेच हातावर गोंदलेले असे; आणि अक्षरओळख नसलेल्या अनेकींनी ते न वाचताच जन्मभर वागवले.

मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील बैगा स्त्रियांमध्ये हा संग्रह टप्प्याटप्प्याने वाढतो. बालपणी कपाळापासून सुरुवात होते. पुढे वयानुसार आणि विवाहानंतर पाठ, हात, पाय, छाती असा क्रम लागतो. रामतीळ म्हणजेच कारळे या तेलबियांपासून तयार केलेले काजळ रंगासाठी वापरले जाते. गोंदण्याचे काम ओझा, बादी, देवार या समाजांतील स्त्रिया करतात. कोणते चिन्ह कोठे असावे हे समाजाने ठरवलेले असते. त्यामुळे अंगावरील चिन्हे पाहून त्या स्त्रीने आयुष्याचे कोणते टप्पे ओलांडले, हे जाणकारांना कळते.

छत्तीसगडमधील रामनामी पंथाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मंदिरप्रवेश नाकारला गेलेल्या दलित समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परशुराम यांनी या पंथाची सुरुवात केली. देवळात जाता येत नसेल तर देवाचे नावच अंगावर वागवायचे, हा त्यामागचा विचार. कपाळावर दोनदा ‘राम’ गोंदवणारा शिरोमणी, संपूर्ण कपाळ गोंदवणारा सर्वांग आणि साऱ्या देहावर नाम धारण करणारा नखशिख, अशा पायऱ्या या पंथात आहेत. येथे प्रत्येक अक्षर भक्तीचे आहे आणि निषेधाचेही. नव्या पिढीने मात्र, शहरांत शिक्षण वा नोकरीसाठी जाताना ओळख उघड होते म्हणून, सर्वांगावर गोंदवणे बहुतांशी सोडले आहे.

लादलेली चिन्हे

प्रत्येक चिन्ह स्वेच्छेने आलेले नसते. लहान वयात मुलीला धरून गोंदले जाई, तेव्हा तिची संमती कोणी विचारत नसे. नाव पतीचे की स्वतःचे, हेही अनेकदा इतरांनी ठरवले. ब्रिटिश अमलात बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदला जाई. ही पद्धत १८४९ मध्ये बंद झाली. नाझींनी आउश्वित्झच्या छळछावणीत कैद्यांच्या हातांवर क्रमांक गोंदले. पुढे त्यांतून वाचलेल्या काहींच्या नातवंडांनी आजी-आजोबांचा तोच क्रमांक आपल्या हातावर गोंदवून घेतला. आकडे तेच राहिले. पण लादलेली खूण आणि निवडलेली खूण यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले.

आजचा संग्रह

न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी १८९१ मध्ये गोंदण्याच्या विद्युत यंत्राचे पेटंट घेतले. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून ते सुचले होते. मुंबई-पुण्यातील टॅटू स्टुडिओंत आज त्याचीच सुधारित रूपे वापरली जातात. समाजाने ठरवलेल्या क्रमाची जागा येथे व्यक्तीच्या निवडीने घेतली आहे. दिवंगत आईचे हस्ताक्षर, मुलाच्या पावलाचा ठसा, सोडलेल्या गावाचा नकाशा, असे विषय निवडले जातात. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या व्रणावर काही स्त्रिया फुलापानांची नक्षी गोंदवून घेतात. आजाराने बदललेले शरीर पुन्हा आपल्या ताब्यात घेण्याचा तो मार्ग असतो.

जुन्या आणि नव्या गोंदणांत काही गोष्टी समान आहेत. वेदना चुकत नाही, आणि ती सोसल्यामुळेच चिन्हाला मोल येते. गोंदणाऱ्या हाताशी काही तासांचे विश्वासाचे नाते जडते. चित्र तसेच राहते, पाहणारा मात्र बदलतो. विशीत प्रेमाने गोंदवलेले नाव चाळिशीत सल ठरू शकते. काहीजण त्यावर दुसरे चित्र काढून घेतात, तर काहीजण तेही आपल्या आयुष्याचे एक पान म्हणून तसेच ठेवतात.

सावधगिरी

एकच सुई अनेकांना वापरल्यास हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा धोका संभवतो. म्हणून नवी, निर्जंतुक सुई समोर उघडलेली पाहावी आणि रंगही प्रत्येकासाठी वेगळ्या कुपीत काढलेला असावा. गोंदवल्यानंतर भारतात वर्षभर रक्तदान करता येत नाही. लेसरने गोंदण काढता येते. परंतु त्यास अनेक बैठका लागतात, हिरवा-निळा रंग काळ्यापेक्षा चिवट असतो आणि पुसट खूण राहू शकते. भारतीय लष्कराच्या भरतीत शरीराच्या ठरावीक भागांवरीलच कायमस्वरूपी गोंदण चालते; आदिवासी उमेदवारांना मात्र त्यांच्या परंपरेनुसार सवलत आहे.

माणसाविना त्वचा

हा संग्रह माणसापासून वेगळा करण्याचे प्रयत्नही झाले. लंडनच्या वेलकम संग्रहासाठी १९२९ मध्ये पॅरिसहून गोंदलेल्या मानवी त्वचेचे सुमारे तीनशे तुकडे खरेदी करण्यात आले. त्यांवर फुले, स्त्रियांचे चेहरे, नावे, तारखा आहेत. पण ती त्वचा कोणाची, ते नाव कोणाचे, त्या तारखेला काय घडले, हे सांगणारे कोणी नाही. चित्र उरले, अर्थ गेला.

गोंदणाची सूची त्याच्या मालकाच्या स्मरणातच असते. आपल्याकडे अंगभर गोंदलेल्या स्त्रियांची पिढी झपाट्याने मागे पडते आहे. त्यांच्या नक्षीची छायाचित्रे घेतली जातात, त्या आकृत्या नव्या स्टुडिओंतही काढल्या जातात. परंतु कोणते चिन्ह कधी, कोणाच्या हातून आणि कोणाच्या इच्छेने उमटले, हे विचारले नाही, तर वेलकम संग्रहातील त्या तुकड्यांसारखीच नक्षी तेवढी हाती उरेल. घरातल्या आजीच्या हातावरचा हिरवट पडलेला विंचू अजून बोलू शकतो. त्याची कथा तिच्याच तोंडून टिपून ठेवण्याची वेळ आज आहे.