आल्प्समधील रेल्वेप्रवास : सीमेपलीकडच्या गाडीचे गणित

आल्प्स पर्वतातील रेल्वेप्रवासाची आखणी करताना कोणत्या गाडीत बसायचे, याचा विचार सर्वप्रथम होतो. एक गाडी संपून दुसरी सुरू होते ते ठिकाण मात्र आराखड्यातून अनेकदा निसटते. स्वित्झर्लंडच्या हद्दीत त्याने फारसे बिघडत नाही. १९८२ पासून तेथील गाड्या ठरावीक अंतराने धावतात आणि आगगाडी व टपाल बस यांच्या वेळांचा परस्परांशी मेळ घातलेला असतो. एक गाडी चुकली, तर बहुतेक मार्गांवर तासाभरात दुसरी मिळते. सीमा ओलांडताच मात्र तिकीट, वेळापत्रक आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी बदलतात. कुर-तिरानो-मिलान हा लोकप्रिय मार्ग त्याचे बोलके उदाहरण आहे.

बर्निनाचा घाट

सेंट मॉरिट्झ ते तिरानो हा सुमारे ६१ किलोमीटरचा बर्निना मार्ग १९१० मध्ये पूर्ण झाला. रीशियन रेल्वेची ही मीटरगेज गाडी ओस्पिझिओ बर्निना येथे २,२५३ मीटर उंची गाठते आणि त्यानंतर चाळीस किलोमीटरपेक्षाही कमी अंतरात ४२९ मीटर उंचीवरील तिरानोत उतरते. मार्गावरील सर्वांत तीव्र चढ १४ मीटरला एक मीटर असा आहे. बोरघाटात तो ३७ मीटरला एक मीटर असून तेथे गाड्यांना जादा इंजिने लावावी लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे दातेरी रुळांविना चालणाऱ्या या गाडीचे वैशिष्ट्य समजते. आल्बुला व बर्निना हे मार्ग २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. आपल्या कालका-शिमला रेल्वेलाही त्याच वर्षी हा मान मिळाला.

या मार्गावर दोन प्रकारच्या गाड्या धावतात. मोठ्या काचांच्या ‘बर्निना एक्स्प्रेस’साठी तिकिटाखेरीज आसनाचे आरक्षण सक्तीचे आहे. कुरहून तिरानोपर्यंत तिला चार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. त्याच रुळांवरून धावणाऱ्या साध्या गाडीला आरक्षण लागत नाही, तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडता येतात आणि वाटेत कोठेही उतरून पुढची गाडी पकडता येते. सीमेपलीकडची जोड सांभाळायची असेल, तर साध्या गाडीची ही लवचीकता मोलाची ठरते.

तिरानो : दोन स्थानके, दोन व्यवस्था

तिरानो हे इटलीतील गाव असले, तरी तेथे रीशियन रेल्वेचे आणि इटालियन रेल्वेचे अशी दोन स्थानके शेजारीशेजारी उभी आहेत. एकातून बाहेर पडून दुसऱ्यात जाण्यास सामानासह पाच-दहा मिनिटे पुरतात. पण स्विस वेळापत्रकाची शाश्वती येथे संपते. मिलानला जाणाऱ्या थेट गाड्या साधारणतः दोन तासांच्या अंतराने सुटतात व अडीच तासांत पोहोचतात. तिरानो ते लेक्को हा टप्पा मुख्यतः एकेरी असल्याने समोरून येणारी गाडी रखडली, की आपलीही रखडते. म्हणूनच एका गाडीची चूक तिरानोत दोन तासांना पडू शकते.

इटलीतील संपांचाही विचार करावा लागतो. ते बहुधा आधी जाहीर होतात. संपाच्या दिवशीही कामाच्या दिवसांत सकाळी ६ ते ९ आणि सायंकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडणे बंधनकारक असते. रविवारी व सुटीच्या दिवशी ही हमी नसते. प्रवासाच्या आठवडाभर आधी संपाच्या तारखा पाहून ठेवल्यास ऐन वेळची धावपळ टळते.

बसने लुगानोला

मिलानला जायचेच नसेल, तर तिरानोहून लुगानोला जाणारी ‘बर्निना एक्स्प्रेस बस’ हा उत्तम पर्याय आहे. वाल्तेलिना खोरे व कोमो सरोवराचा काठ असा इटलीतून प्रवास करून ती सुमारे तीन तासांत पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये शिरते. तिचे आसन आगाऊ आरक्षित करावे लागते. शिवाय ती ऋतुमानानुसार धावत असल्याने हिवाळ्यात तिच्या भरवशावर बेत आखण्यापूर्वी चालू वेळापत्रक पाहणे अगत्याचे आहे. लुगानोहून गोटहार्ड (२०१६) व चेनेरी (२०२०) या बोगद्यांमुळे झुरिच सुमारे दोन तासांवर आले आहे. झुरिचहून निघून झुरिचलाच परतायचे असेल, तर हे वर्तुळ सोयीचे पडते.

ऑस्ट्रियाकडे जाताना

एंगाडिन खोऱ्यातून ऑस्ट्रियात उतरणाऱ्यांसाठी रेल्वे पुरेशी नाही. स्विस लोहमार्ग श्कुओल येथे संपतो आणि ऑस्ट्रियाचा आर्लबेर्ग मार्ग लांडेकजवळून जातो. मधले अंतर रुळांनी कधीच जोडले गेले नाही. तेथे बसच चालते. श्कुओलहून सीमेवरील मार्टिनापर्यंत स्विस टपाल बस आणि तेथून लांडेकपर्यंत ऑस्ट्रियाची बस, असा साधारण क्रम असतो. लांडेकहून आगगाडीने इन्सब्रुक पाऊण तासावर आहे. सीमेवरच्या छोट्या गावात संध्याकाळची शेवटची बस चुकली, तर मुक्कामाचीच वेळ येते. त्यामुळे हा टप्पा सकाळीच उरकावा, हे श्रेयस्कर.

तिकीट आणि पास

‘स्विस ट्रॅव्हल पास’ ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. तो तिरानोपर्यंत तसेच लुगानोच्या बसवर चालतो. आरक्षणाचे पैसे मात्र वेगळे द्यावे लागतात. तिरानो-मिलान प्रवासास तो चालत नाही. त्या गाडीचे तिकीट आधी घेतल्याने स्वस्त पडत नाही, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. मात्र कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळील यंत्रातून शिक्का मारून घ्यावा लागतो. तो नसल्यास खिशात तिकीट असूनही दंड भरावा लागतो.

खरा आर्थिक धोका त्यापुढे असतो. मिलानहून व्हेनिस किंवा रोमला जाणाऱ्या वेगवान गाड्यांची सवलतीची तिकिटे विशिष्ट गाडीपुरतीच वैध असतात. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पुढची गाडी चुकल्यास रेल्वेवर काही जबाबदारी येते. तिकिटे स्वतंत्र घेतली असतील, तर सवलतीच्या तिकिटाचे पैसे बहुधा बुडतात.

व्हिसा, पासपोर्ट, चलन

स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नाही, पण २००८ च्या डिसेंबरपासून ते शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे स्वित्झर्लंड, इटली व ऑस्ट्रिया या तिन्ही देशांसाठी एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचे, त्या देशाच्या दूतावासाकडे अर्ज करायचा. दिवस समान असतील, तर प्रथम प्रवेश होणाऱ्या देशाकडे. सीमेवर नियमित शिक्का मारला जात नसला, तरी पोलीस किंवा सीमाशुल्क अधिकारी तपासणी करू शकतात. म्हणून पासपोर्ट मोठ्या बॅगेत न ठेवता हाताशी असावा. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक व पलीकडे युरो चालतो. तिरानोत उतरताना थोडे युरो जवळ असलेले बरे.

उलटी मोजणी

अशा प्रवासाचा आराखडा शेवटाकडून सुरुवातीकडे करावा. मिलानच्या मालपेन्सा विमानतळावरून रात्री १० चे विमान असेल, तर सायंकाळी ७ पर्यंत तेथे पोहोचायला हवे. मिलानच्या मुख्य स्थानकावरून विमानतळ गाडीने सुमारे तासाभरावर आहे. म्हणजे मिलान गाठायचे सायंकाळी ६ ला. तिरानो सोडायचे दुपारी साडेतीनला आणि एक गाडी हाताशी राखायची, तर दीडला. त्यासाठी कुरहून सकाळी ९ पूर्वी निघणे भाग आहे. एवढी कसरत साधली, तरी वाटेत आल्प ग्रुमला उतरून हिमनदी पाहण्यास किंवा तिरानोतील मादोन्ना मंदिरात डोकावण्यास सवड उरत नाही. त्यापेक्षा परतीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम मिलानला ठेवला, तर सारे सुकर होते.

युरोपातील रेल्वेची वेळापत्रके दरवर्षी डिसेंबरच्या मध्यास बदलतात. डोंगरी मार्गांवर दुरुस्तीसाठी गाड्या थांबवून त्यांच्या जागी बस चालविल्या जातात; २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकपूर्वी तिरानोच्या इटालियन मार्गावरही तसे झाले होते. गतवर्षी जाऊन आलेल्या आप्तांची टिपणे मार्ग ठरविण्यास उपयोगी पडतात. वेळा मात्र त्या त्या रेल्वेच्या अधिकृत वेळापत्रकातूनच घ्याव्यात आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा पडताळाव्यात.