शिवीगाळ, सामनोत्तर (फुटबॉल)

अंतिम शिट्टीनंतर खेळाडूने पंच वा इतरांविरुद्ध वापरलेली अपमानकारक भाषा. पिवळे व लाल कार्ड १९७० च्या मेक्सिको विश्वचषकापासून रूढ झाले (पहा : फुटबॉल). नियम ५ नुसार पंचाचा शिस्तविषयक अधिकार सामनापूर्व मैदानपाहणीपासून सामन्यानंतर मैदान सोडेपर्यंत राहतो; त्यामुळे शिट्टीनंतरही कार्ड दाखवता येते. निर्णयावर शाब्दिक नापसंतीस पिवळे, शिवीगाळीस लाल कार्ड (नियम १२). पंचाने मैदान सोडल्यानंतरच्या शिवीगाळीस कार्ड नसते. खेळाडूचा क्रमांक, उच्चारलेले शब्द, वेळ व ठिकाण यांची नोंद सामना-अहवालात होते. पुढील निलंबन वा दंड स्पर्धेची शिस्तपालन यंत्रणा ठरवते. महाराष्ट्रात फुटबॉलचे राज्यस्तरीय नियंत्रण वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आहे.