फोड आले कुणाकडून?



आपल्या आज्यांच्या काळात तान्ह्या बाळाच्या अंगावर फोड दिसला की पहिली आठवण देवीची व्हायची. दाराला कडुलिंबाचा डहाळा, बाळ-बाळंतीण वेगळ्या खोलीत. १९७५ साली देवी देशातून गेल्या, भीती मात्र मागे राहिली. काही बाळं फोड घेऊनच जन्मतात. ते लागट नसतात, तरी त्यांच्याकडेही आपण त्याच नजरेने पाहिलं. आणि बोट दाखवलं आईकडे. ग्रहणात काय चिरलंस? माहेराहून काय आणलंस?

या आजाराचं नाव एपिडर्मोलायसिस बुलोसा. अवघड आहे, म्हणून डॉक्टर नुसतं ‘ईबी’ म्हणतात. झबल्याची शिवण घासली, बाळाला काखेत धरून उचललं, एवढ्यानेही कातडं सुटतं. १८८६ साली हाइनरिख कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी हे नाव दिलं आणि त्याला ‘आनुवंशिक’ हा शब्द जोडला. आजार घराण्यात फिरतो, एवढं तेव्हा दिसलं होतं. कसा फिरतो हे नीट कळायला आणखी शंभर वर्षं गेली. १९९१ मध्ये एका प्रकाराचा बिघडलेला जनुक सापडला, १९९३ मध्ये दुसऱ्या, बहुधा जास्त त्रासाच्या प्रकाराचा.

हा दुसरा प्रकार कळंबच्या किनाऱ्यावर समजावणं सोपं आहे. होडी नांगराने धरून ठेवतात ना, तसं वरचं कातडं खालच्या थराला बारीक नांगरांनी धरलेलं असतं. ते नांगर कोलॅजन सात नावाच्या प्रथिनाचे असतात. ते घडवण्याची सूचना बिघडली की जराशा धक्क्याने होडी सुटते.

ही सूचना प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते, एक आईकडून, एक वडिलांकडून. काही घरांत एक बिघडलेली प्रत पुरते. मग आजोबांना, मुलाला, नातीला, असा आजार उघड दिसतो आणि दर बाळंतपणाला निम्मी शक्यता असते. काही घरांत दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. आई-वडील दोघेही धडधाकट, दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत लपलेली. तिथे दर वेळी चारात एक शक्यता. पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. प्रत्येक गरोदरपणी तो नव्याने सुरू होतो. कधी कधी बिघाड बाळातच पहिल्यांदा होतो, तेव्हा कुणाच्याच घराण्यात शोधून काही मिळत नाही.

अशा लपलेल्या वारशाचं एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक निराळा रक्तगट जगापुढे मांडला, तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. तोही आई आणि वडील दोघांकडून आल्याशिवाय दिसत नाही.

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात मामाच्या मुलीशी लग्नाची महाराष्ट्रातली रीत नोंदवली आहे. आमच्यातल्या काहींची लग्नं तशीच झालीत, म्हणून हे सांगताना जीभ अडखळते. नात्यातल्या बहुतेक जोडप्यांची मुलं निरोगीच असतात. पण दोघांचे आजी-आजोबा एकच असले की तीच लपलेली प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. आणि तेव्हाही ती एकट्या सुनेची नसते.

घरात असं बाळ असेल तर चिकटपट्टी लावू नका. काढताना कातडंही निघतं. फोड कसा फोडायचा, न चिकटणारी पट्टी कशी बांधायची, हे त्वचारोगतज्ज्ञांकडून शिकून घ्या. मुंबईचं केईएम रुग्णालय सरकारने दुर्मीळ आजारांसाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. नालासोपाऱ्याहून लोकलने दादर, तिथून परळ. जाताना एका कागदावर माहेर आणि सासर दोन्हींची माणसं लिहून न्या: कुणाला फोड यायचे, कुणाची नखं गळाली, कुणाचं बाळ लवकर गेलं, कुणाचं लग्न नात्यात झालं. शक्य असेल तर बाळाच्या बाबांनाही सोबत घ्या. रक्त दोघांचंही तपासावं लागतं.