लोणारचा दगड आणि मंगळाचा प्रकाश

'तारे स्वयंप्रकाशी, ग्रह परप्रकाशी' असे आपण वर्गात शिकवतो. हे अर्धेच खरे आहे. सूर्याचा काही प्रकाश ग्रह परावर्तित करतो. उरलेला शोषून तापतो आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. हा त्याचा स्वतःचा प्रकाश होय. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन तापमानाचा असल्याने त्याचे प्रारण ०.५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. २८८ केल्विनच्या पृथ्वीचे १० मायक्रोमीटरजवळ. फार दूरवरून पाहिल्यास दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीच्या सुमारे एक हजार कोटी पट तेजस्वी दिसेल. या अवरक्त पट्ट्यात तो फरक सुमारे एक कोटी पटींवर येतो.

ग्रहाच्या या प्रकाशाचे आणखी एक महत्त्व आहे. प्रत्येक खनिज ठरावीक तरंगलांबींवर कमी-अधिक प्रारण करते. त्यामुळे वर्णपटावरून दूरच्या ग्रहावरील खडक ओळखता येतो. मात्र ताडून पाहण्यासाठी तसाच खडक हाताशी हवा. मंगळाच्या बाबतीत तो बुलढाणा जिल्ह्यात मिळाला.

लोणारच्या विवराची नोंद १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी केली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे असावे, असे पुढे दीर्घकाळ मानले जाई. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांनी येथील खडकात मास्केलिनाइट सापडल्याचे प्रसिद्ध केले. प्रचंड आघाताने फेल्डस्पार या खनिजाची स्फटिकरचना मोडून ही काच बनते. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. हा आघात उल्केचाच होता, हे त्यावरून सिद्ध झाले.

१९९७ मध्ये 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर' मंगळाभोवती फिरू लागले. त्यावरील वर्णपटमापकाने मंगळाचे अवरक्त प्रारण मोजले आणि बेसाल्टची विस्तीर्ण क्षेत्रे दाखवली. पण मंगळावर असंख्य विवरे आहेत. तेथील बराच बेसाल्ट आघात सोसलेला असणार. त्याचा वर्णपट साध्या बेसाल्टसारखाच असेल का? शॉन राइट, फिलिप क्रिस्टेन्सन आणि थॉमस शार्प यांनी लोणारचे आघातग्रस्त दगड प्रयोगशाळेत तापवून त्यांचे प्रारण मोजले. हे काम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. स्फटिकाची काच झाली की वर्णपटातील बारकावे पुसट होतात. रासायनिक घटक तेच, तरी प्रकाशाची खूण वेगळी! हे ध्यानात न घेतल्यास मंगळावरील खडक ओळखण्यात चूक होऊ शकते.

लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आघाताने बाहेर फेकलेले दगड मात्र विवराच्या काठाबाहेर, शेतांच्या परिसरातही पसरले आहेत. सहलीला गेल्यावर मुलांना पाण्याबरोबर हे दगडही दाखवावेत आणि ते जागेवरच राहू द्यावेत. ते नांगरात वा बांधकामात नाहीसे झाले, तर मंगळाचा प्रकाश वाचण्याची एक दुर्मिळ किल्ली आपण गमावू.