यूयूसीपी

यूयूसीपी, अर्थात 'युनिक्स-टू-युनिक्स कॉपी', हा युनिक्स संगणकांमध्ये फाइली, ईमेल आणि दूरस्थ आज्ञा यांची देवाणघेवाण करणारा प्रोग्रामांचा संच आहे. दोन संगणक कायम जोडलेले असण्याची त्याला गरज नसते. साधी दूरध्वनी वाहिनी आणि दोन्ही टोकांना मोडेम एवढे पुरते. ठरलेल्या वेळी एक संगणक दुसऱ्याचा क्रमांक फिरवतो, साठलेला मजकूर पोहोचवतो, तिकडचा घेतो आणि वाहिनी सोडतो. १९८६-८७ मध्ये मुंबईत सुरू झालेली अर्नेटची पहिली ईमेल सेवा याच पद्धतीवर चालली.

इतिहास

यूयूसीपीची पहिली आवृत्ती अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये माइक लेस्क यांनी लिहिली. १९७८ च्या प्रारंभी बेल कंपनीच्या ८२ युनिक्स यंत्रांवर ती वापरात होती. त्या काळी तिचा मुख्य उपयोग नव्या सॉफ्टवेअरच्या प्रती वाटण्यासाठी होता. १९७९ मध्ये ती युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडली आणि विद्यापीठांत पसरली. युजनेट ही चर्चासेवाही आरंभी यूयूसीपीवरच उभी राहिली. १९८३ मध्ये पीटर हनीमन, डेव्हिड नोविट्झ आणि ब्रायन रेडमन यांनी ती नव्याने लिहिली. तिघांच्या नावांवरून या आवृत्तीस 'हनीडॅनबर' म्हणतात. इयन लान्स टेलर यांची मुक्त आवृत्ती १९९० च्या दशकाच्या आरंभी आली व पुढे लिनक्सवर तीच रूढ झाली.

कार्यपद्धती

वापरकर्त्याने पत्र पाठवले की ते लगेच निघत नाही. मजकुराची एक फाइल आणि पलीकडच्या यंत्राने त्याचे काय करावयाचे हे सांगणारी दुसरी फाइल 'स्पूल' नावाच्या निर्देशिकेत ठेवली जाते. पुढे 'यूयूसीआयसीओ' हा प्रोग्राम दूरध्वनी जोडून त्या फाइली नेतो. पलीकडे 'यूयूएक्सक्यूटी' हा दुसरा प्रोग्राम आलेली आज्ञा पार पाडतो. पत्राच्या बाबतीत ती आज्ञा बहुधा 'आरमेल' असते. वाहिनी मध्येच तुटली, तर फाइली स्पूलमध्ये तशाच राहतात आणि पुढच्या खेपेस पुन्हा प्रयत्न होतो. तुटणारी वाहिनी हा अपवाद न मानता नेहमीचीच परिस्थिती मानणे, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय.

वाहिनीवरील संभाषणासाठी मुख्यतः 'जी' हा प्रोटोकॉल वापरला जाई. यात मजकूर सामान्यतः ६४ बाइटांच्या तुकड्यांत जातो. प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीची बेरीज असते आणि बिघडलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. पोचपावती येण्यापूर्वी जास्तीत जास्त सात तुकडे पुढे पाठवता येतात. त्यामुळे खरखरणाऱ्या वाहिनीवर ही पद्धत टिकून राही. मात्र उपग्रहमार्गे होणाऱ्या विलंबात पोचपावतीची वाट पाहण्यातच वेळ जाई. १२०० बिट प्रतिसेकंद वेगाच्या मोडेमवर सेकंदाला सुमारे १२० अक्षरे जातात. म्हणजे ४,८०० अक्षरांच्या पत्रास किमान ४० सेकंद लागत.

जुळणी

यूयूसीपीची जुळणी ही काही फाइलींत हाताने ओळी लिहिण्याची बाब होती आणि तिची ख्याती किचकट अशीच आहे. हनीडॅनबर आवृत्तीत 'सिस्टिम्स' फाइलमध्ये शेजारच्या प्रत्येक यंत्राची नोंद असते, 'डिव्हायसेस'मध्ये मोडेम कोणत्या पोर्टला जोडला आहे व त्याचा वेग किती हे, आणि 'डायलर्स'मध्ये त्या मोडेमला क्रमांक कसा फिरवायला सांगावयाचा हे.

समजण्यापुरते असे मानू की 'अकोट' नावाचे यंत्र 'अकोला' नावाच्या यंत्राला दूरध्वनी करते. अकोटच्या सिस्टिम्स फाइलमधील ओळीत क्रमाने यंत्राचे नाव, फोन करण्याची वेळ, उपकरणाचा प्रकार, वेग, दूरध्वनी क्रमांक आणि शेवटी 'चॅट स्क्रिप्ट' येते. वेळेच्या रकान्यात 'केव्हाही' असे लिहिता येते किंवा ठरावीक तास देता येतात. भारतात रात्री एसटीडीचा दर सवलतीचा असल्याने या रकान्याचा संबंध थेट बिलाशी होता.

चॅट स्क्रिप्ट म्हणजे पलीकडून काय येण्याची वाट पाहावी आणि मग काय पाठवावे, यांच्या जोड्यांची मालिका. पलीकडचे यंत्र 'लॉगिन' हा शब्द कधी मोठ्या, कधी लहान 'एल'ने पाठवते आणि जोडणीच्या पहिल्या क्षणी एखादे अक्षर गळतेही. म्हणून जाणकार पहिले अक्षर गाळून उरलेल्या चारच रोमन अक्षरांची वाट पाहायला सांगत. ती न आल्यास एक रिकामी ओळ पाठवून पुन्हा वाट पाहावी, असेही तेथेच लिहिता येते. नवशिक्यांचे बहुतेक अपयश याच ठिकाणी होई: दोन यंत्रे जोडली जात, पण दोघेही एकमेकांच्या बोलण्याची वाट पाहत बसत.

दोष वाहिनीत नसून पोर्टच्या मांडणीत असण्याचे प्रकारही नित्याचे होते. जी प्रोटोकॉलला आठही बिट जसेच्या तसे जाणे आवश्यक असते. टर्मिनलसाठी वापरले जाणारे थांबा-चला संकेत पोर्टवर चालू राहिले, तर मजकुरातील तेवढेच अक्षर थांबण्याची आज्ञा समजले जाते. परिणामी लॉगिन व्यवस्थित होते, मात्र फाइल सुरू होताच सारे गोठते. येणारे व जाणारे कॉल एकाच मोडेमवर असल्यास पोर्ट व्यापला आहे हे दर्शवणारी 'लॉक' फाइल तयार होते. यंत्र अचानक बंद पडले की ती मागे राहू शकते. ती काढली गेली नाही, तर मोडेम मोकळा असूनही कॉल निघत नाही.

देशातील पुष्कळ एक्स्चेंज तेव्हा स्ट्रोजर किंवा क्रॉसबार पद्धतीची होती, त्यांना स्वरांनी क्रमांक फिरवलेला कळत नसे. तेथे डायलर्स फाइलमध्ये मोडेमला स्पंदनांनी क्रमांक फिरवण्याची आज्ञा द्यावी लागे. जेथे ट्रंक कॉल ऑपरेटरकडे नोंदवूनच मिळे, तेथे मोडेमने रात्री आपोआप फोन करण्याचा प्रश्नच नव्हता.

'परमिशन्स' ही फाइल सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाची. दुसऱ्या यंत्राने कोणत्या निर्देशिकांत लिहावे, कोणत्या वाचाव्यात आणि कोणत्या आज्ञा चालवाव्यात, हे तीत ठरते. काहीच न लिहिल्यास हनीडॅनबर केवळ सार्वजनिक निर्देशिका खुली ठेवते व आज्ञांपैकी आरमेललाच मुभा देते. 'काम होत नाही' म्हणून सर्व आज्ञा खुल्या करणे म्हणजे क्रमांक व संकेतशब्द ठाऊक असलेल्या कोणाच्याही हाती यंत्र देणे होते. सिस्टिम्स फाइलमध्ये शेजाऱ्यांचे संकेतशब्द उघड्या अक्षरांत असतात, त्यामुळे ती फाइल यूयूसीपीच्या खात्याखेरीज इतरांना वाचता येऊ नये, अशी व्यवस्था करावी लागते.

पत्ते

यूयूसीपीत पत्ता म्हणजे वाटच असे. 'मुंबई!अकोला!अकोट!राम' या पत्त्याचा अर्थ, पत्र आधी मुंबई यंत्राकडे, तेथून अकोल्यास, मग अकोटला आणि शेवटी राम या वापरकर्त्यास द्यावे. उद्गारचिन्हाला इंग्रजी बोलीत 'बँग' म्हणत असल्याने अशा पत्त्यांस बँग-मार्ग हे नाव पडले. पाठवणाऱ्यास संपूर्ण वाट ठाऊक असावी लागे आणि मधले एक यंत्र बंद झाले की पत्ता निकामी होई. जगभरच्या यंत्रांचे नकाशे गोळा करून त्यांतून वाट काढणारा 'पाथएलियास' हा प्रोग्राम याच अडचणीतून लिहिला गेला. नावांचीही मर्यादा होती. जुन्या आवृत्त्या यंत्राच्या नावाची पहिली सात रोमन अक्षरेच लक्षात घेत; आठ अक्षरी 'अमरावती'चे शेवटचे अक्षर त्यांच्या लेखी नसल्यासारखेच.

भारतातील वापर

अर्नेट हा शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारा प्रकल्प १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सुरू केला. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी (एनसीएसटी) हे आठ घटक त्यात होते. १९८६-८७ मध्ये एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात दूरध्वनीवरून ईमेलची ये-जा सुरू झाली. एकाच शहरातील दोन संस्थांमधला हा प्रारंभ होता, तरी देशभर पसरवता येईल अशी पद्धत त्यातून हाती आली. एनसीएसटीचे तत्कालीन संचालक श्रीनिवासन रमणी यांचा या कामाबद्दल २०१४ मध्ये 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला.

खास भाड्याच्या वाहिन्या महाग व दुर्मीळ असताना यूयूसीपीमुळे संस्थांना उपलब्ध दूरध्वनीवरच काम भागवता आले. त्याच काळात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या निकनेटने वेगळी वाट धरली. जिल्हा मुख्यालये त्याने उपग्रहावरून जोडली आणि दूरध्वनीवरचे अवलंबन टाळले.

१९८९ मध्ये भारतासाठी 'डॉट इन' हे क्षेत्रनाम नोंदवले गेले व त्याचे काम एनसीएसटीकडे आले. त्यामुळे पत्त्यातून वाट वेगळी झाली. बाहेरच्या जगाला संस्थेचे नाव पुरे. शेवटचा टप्पा दूरध्वनीने गाठायचा की कसे, हे प्रवेशद्वाराचे यंत्र पाही. बँग-मार्ग लिहिण्याची गरज संपली, तरी यूयूसीपीचे फोन चालूच राहिले.

ऱ्हास

१९९२ पर्यंत अर्नेटच्या प्रमुख संस्था ९.६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या भाड्याच्या वाहिन्यांनी जोडल्या गेल्या आणि कायम जोडणीवर टीसीपी/आयपी हा प्रोटोकॉल अधिक सोयीचा ठरला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यातही फोन मोडेमनेच लावावा लागे. मात्र आता जोडणी होताच वापरकर्ता थेट जाळ्यावर येई आणि फाइली साठवून ठेवणाऱ्या मधल्या शेजाऱ्याची आवश्यकता उरली नाही. टेलर यांची आवृत्ती आजही लिनक्सवर मिळते. तिला टीसीपी जोडणीवरून चालवता येते, म्हणून अधूनमधूनच जाळ्यावर येणाऱ्या यंत्रांची पत्रे राखून ठेवण्यासाठी काही ठिकाणी ती वापरली जाते.