बुलढाणा जिल्ह्यातील लहान मुलांचा सांभाळ : झोळीपासून पाळणाघरापर्यंत

१८७० मध्ये जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाल्यावर खामगावची कापूस-बाजारपेठ विस्तारली आणि वेचणीपासून जिनिंगपर्यंत, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्यापर्यंत, स्त्रियांची मजुरी तिच्याशी जोडली गेली. मजूर स्त्रीचे तान्हे मूल धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, झाडाला बांधलेल्या झोळीत, आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर असे. या व्यवस्थेची खरी किंमत त्या बहिणीने शाळा सोडून मोजली, याची नोंद मात्र क्वचितच झाली.

१९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले आणि १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आणली, तरी लहान जिनिंग कारखाने तिच्या बाहेरच राहिले. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून पसरलेली अंगणवाडी, जिची मूळ कल्पना बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांची, काही तासच चालते. वेचणीचा दिवस त्याहून मोठा असतो. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळणाऱ्या स्त्रीला मजुरी देऊ केली. शेजारणीच्या घरातील सांभाळाला मात्र यांपैकी एकही कायदा लागू होत नाही.